शिंगराला सांगितलं नाही

थोरला भाऊ गेला तेव्हा धुक्याचे दिवस निम्मे सरले होते आणि शिंगरू निम्मंच शिकून झालं होतं. माणूस जातो तेव्हा काही ना काही अर्धवट राहतंच, पण या घरात अर्धवट शिंगरू म्हणजे डोक्यावरचं अर्धवट छप्पर. तबेल्यामागच्या दोन खोल्या मालकाच्या, काम मालकाचं, शिंगरूही मालकाचंच. धुकं सरलं की मालकाचा कारभारी येणार, रिंगणाच्या कुंपणाला टेकून शिंगरू बघणार. पसंत पडलं तर काम आणि खोल्या या घराकडे राहणार. नाही पडलं तर शिकवणारा दुसरा येणार, आणि त्याला राहायला खोल्या लागणार. हे घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

या घराची एक रीत होती. शिंगराच्या पहिल्या शिकवणीत रिंगणात एकाच माणसाने पाऊल टाकायचं. एक हात, एक आवाज, एक चाल. पाठीवर खोगीर चढेपर्यंत दुसरं कुणी आत गेलं की शिंगरू बिथरतं, शिकलेलं विसरतं, आणि कधीकधी कुणी न शिकवलेलंही शिकून बसतं, असं आई सांगायची. न शिकवलेलं म्हणजे काय, असं धाकट्याने लहानपणी विचारलं होतं, तर तिने त्याला लीद उचलायला पाठवलं होतं.

तेव्हापासून तो लीदच उचलत आला होता, असं म्हणायला हरकत नाही. तिशी उलटली तरी पाणी ओढणं, गवत वाळवणं आणि संध्याकाळी शिंगरू नसताना रिंगणातल्या वाळूवर दंताळं फिरवणं एवढंच त्याच्या वाट्याला होतं. घोडे त्याच्यावर राग धरून होते अशातला भाग नाही. ते त्याची दखलच घेत नसत. थोरला डावा पाय ओढत तबेल्यात शिरला की ओळीने माना वळत. धाकटा शिरला की एखादं शेपूट हलायचं, तेही माशीसाठी.

यंदा धुकं फार दिवस टिकलं. गवताला बुरशी धरली, घोड्यांच्या खुरांत ओल मुरली, आणि तीच ओल थोरल्याच्या छातीत जाऊन बसली. तरी तो रोज सकाळी जाड कोट चढवून रिंगणात जायचा. मध्ये उभा राहून शिंगराला लांब दोरावर फिरवायचा. खोकला आला की त्याला दम घ्यायला थांबावं लागे, मग शिंगरूही थांबे. असं होता होता शिंगराने खोकला हीच थांबायची खूण धरली. थोरल्याला त्याची गंमत वाटायची. "बघ रे," तो धाकट्याला म्हणाला होता, "माझा आजारसुद्धा कामाला लागला."

तो गेला त्या सकाळी माणसं जमली, आणि आई पहिलं वाक्य बोलली ते असं: "मागच्या दाराने न्या."

"मागे उकिरडा आहे, काकू," उचलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला.

"असू दे. पुढून नेलंत तर शिंगरू बघेल. त्याला कळता कामा नये."

तेव्हा थोरल्याला उकिरड्यावरून नेलं. एकाचा पाय घोट्यापर्यंत रुतला, खांदा कलला, आणि कुणीतरी "सांभाळा, सांभाळा" म्हणताना हसू दाबलं. वहिनी, थोरल्याची बायको, दारात उभी राहून ते सगळं बघत होती. ती रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल. पण ती नंतरही रडली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने धाकट्यापुढे कोट धरला. "धुतलेला नाही. धुवायचाही नाही."

"मी दादाचा कोट घालून आत जाऊ?"

"पाय ओढत जा. डावा. आणि थांबवायचं असेल तेव्हा खोक."

"त्याला कळेल, आई."

"कळणार नाही असं वाग. एवढी वर्षं बघतोयस ना भावाला? का नुसताच उभा होतास?"

धुकं इतकं दाट होतं की रिंगणाचं पलीकडचं कुंपण दिसत नव्हतं. धाकटा फाटक लोटून आत गेला आणि पाय ओढत वाळूतून चालू लागला.  समोरच्या पांढऱ्यातून आधी खुरांचा आवाज आला, मग शिंगराचं तोंड. त्याने कोटाच्या छातीला नाक लावलं, बाह्या हुंगल्या, गळ्याशी बराच वेळ थांबलं. मग लांब श्वास सोडला आणि कपाळ कोटावर टेकवलं. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. आजवर कुठल्या घोड्याने त्याच्या अंगावर असं डोकं टेकवलं नव्हतं. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

मग कामाला वळण लागलं. सकाळी आधी खरारा. मानेपासून सुरुवात करून ढुंगणापर्यंत, ओले केस मोकळे होईपर्यंत. मग चारी पाय उचलून खुरांतली घाण आकडीने काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, वास घेऊन बघायचा. मग तोंडाला मोरकी चढवून रिंगण. जिभेने टकटक केलं की चालायचं, दोर हलवला की दुडकी, खोकला की थांबायचं. थांबल्यावर तोंड आत वळवून मान खाली घालायची. शेवटी घोंगडी पाठीवर टाकायची, ओढायची, पुन्हा टाकायची, म्हणजे पुढे खोगिराची भीती वाटणार नाही. शिंगरू सगळं करत होतं. आई कुंपणापलीकडून डोळ्यांत तेल घालून बघायची आणि जेवताना म्हणायची, "आज बरा ओढलास पाय." घरात त्याला शाबासकी म्हणून मिळालेली ती पहिलीच.

मनात पाल चुकचुकली ती दोरामुळे. माणूस मध्ये आणि घोडा भोवती, तर दोर सगळीकडे सारखा ताणलेला राहतो. त्या सकाळी तो एका बाजूला हाताला ओढ देत होता आणि दुसऱ्या बाजूला वाळूत लोळत होता. याचा अर्थ सरळ होता: शिंगरू गोलच फिरत होतं, पण मध्य दुसराच धरून. धाकटा सरकून तिकडे गेला. थोड्या वेळाने मध्य पुन्हा सरकला. शिंगराचा आतला कान, जो शिकवणाऱ्याकडे असायला हवा, तो त्याच्या खांद्यावरून पलीकडे लागलेला होता. धाकट्याने वळून बघितलं. धुकं होतं, दुसरं काही नव्हतं.

मग वाळूतल्या खुणा. एक पाऊल आणि एक फरपट, एक पाऊल आणि एक फरपट, फाटकापासून मध्यापर्यंत. तो तर अजून आत गेलाच नव्हता. काल दंताळं फिरवायचं राहिलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं, पण दंताळ्याने तळहाताला आलेला फोड अजून ओला होता. त्याने त्या खुणेशेजारी आपलं पाऊल उमटवून बघितलं. तंतोतंत तीच. इतकी हुबेहूब नक्कल केल्यावर माणसाने तक्रार तरी कुणाकडे करायची.

वहिनी आधी कधी रिंगणाकडे फिरकत नसे. आता ती रोज सकाळी स्टूल घेऊन फाटकाशी बसू लागली. मांडीवर निवडायला काहीतरी घ्यायची, पण हात हलत नसत. चेहऱ्यावर तजेला आला होता. एकदा तो बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "आज दोघं छान चाललात, भाऊजी."

"मी आणि शिंगरू?"

वहिनी उठली. स्टूल उचललं आणि घरात गेली.

नालबंद आला तेव्हा धाकटा तबेल्याच्या बोळातून पाण्याची बादली घेऊन चालला होता. मागून काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज झाला. नालबंदाच्या हातातली कानस खाली पडली होती आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

"तू होय," तो म्हणाला. "मला वाटलं... जाऊ दे. इथे तरी सरळ चालत जा की, बाबा. इथे कोण बघतंय?"

"सरळच चालतोय," धाकटा म्हणाला, आणि म्हणता म्हणता खाली बघितलं.

शिंगराला नाल मारायचे नव्हते, नुसते खूर तासायचे होते. धाकटा मोरकी धरून तोंडाशी उभा राहिला. नालबंदाने पुढचे दोन्ही पाय केले आणि कानस पुसायला तो बाजूला वळला. तेवढ्यात शिंगराने मागचा पाय आपणहून उचलला आणि तसाच धरून ठेवला. आता घोडा पाय देतो तेव्हा त्याचा भार माणसाच्या मांडीवर टाकतो. हे भार टाकून उभं होतं. पायाखाली कुणी नव्हतं.

"तू धरलायस का?" नालबंदाने हळूच विचारलं.

"मी इकडे तोंडाशी आहे."

दोघं बघत राहिले. शिंगरू डोळे अर्धे मिटून निवांत उभं होतं, कुणीतरी खूर साफ करत असल्यासारखं. मधेच खूर जरासा फिरला, आतली बाजू दिसावी असा. मग पाय सावकाश खाली आला. नालबंदाने हत्यारं गोळा केली. "मागचे पाय पुढच्या खेपेला बघू," तो म्हणाला आणि पाठ न वळवता दारापर्यंत गेला.

त्या दिवशी जेवताना धाकट्याला खोकला आला. आईचा भाकरीवरचा हात थांबला. "घरात कशाला खोकतोस?"

"मुद्दाम नाही खोकलो."

पुन्हा आला, छातीच्या तळातून, ओला. वहिनी चटकन उठली आणि गरम पाण्याचा पेला भरून आणला. तो तिने धाकट्याच्या पुढ्यात ठेवला नाही. शेजारच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला आणि मग चूक लक्षात आल्यासारखा सरकवला.

धाकट्याला आता राहवलं नाही. "आई, आपण शिंगराला सांगू या. ते अजून दादाचीच वाट बघतंय. वाट बघतंय म्हणून..."

"म्हणून काय?"

"मला माहीत नाही काय. पण रिंगणात मी एकटा नसतो. माझा पाय बघ. मी ओढत नाही, तो ओढला जातोय."

आईने त्याच्या पायाकडे बघितलं. तिलाही दिसत होतं, पण तिला त्याच्याबरोबर दोन खोल्याही दिसत होत्या. "कारभारी येऊन बघून जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "मग सांग काय सांगायचं ते."

"मगसुद्धा नाही," वहिनी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती शांतपणे बोलत होती. "त्यांना उकिरड्यावरून नेलंत. लोक हसले. मला धड बघूही दिलं नाहीत. सगळ्या गावाला माहीत आहे ते गेले. एका शिंगराला माहीत नाही. तेवढीच एक जागा राहिली आहे त्यांना यायला. तीही बंद करणार तुम्ही, भाऊजी?"

 धाकट्याला वहिनीची दया आली, आणि मनातल्या मनात तिची भीतीही वाटली.

धुकं विरळ झालं आणि कारभारी आला. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा, आणि घाईतल्या माणसाला जे दिसतं तेवढंच त्याला दिसायचं. त्याच्या गाडीत नवं खोगीर होतं. "भावाचं कळलं," तो म्हणाला. "वाईट झालं. शिंगरू मात्र वाया नाही ना गेलं?"

"बघा तुम्ही," आई म्हणाली.

धाकटा कोट घालून आत गेला. त्याने ठरवलं होतं, आजचा दिवस ढकलायचा. जिभेने टकटक करायच्या आधीच शिंगरू चालू लागलं. दुडकीवर आलं. मान गोल, पाठ सैल, पावलं घड्याळासारखी. दोर धाकट्याच्या हातातून खाली उतरून नुसता वाळूवर पडला होता, कारण शिंगराचा मध्य त्याच्यापासून चांगला चार हात लांब होता. रिंगणातला शिकवणारा तिथे होता. धाकटा दोर धरून बाजूला उभा राहिलेला गडी होता.

"दोर नुसता नावाला धरलायस की," कारभारी खूश होऊन म्हणाला. "उलटं फिरव."

धाकट्याने काही केलं नाही. शिंगरू आत वळलं, दिशा बदलून पुन्हा दुडकीला लागलं.

"थांबव."

धाकट्याने श्वास सोडला. मग खोकला. शिंगराने ऐकलं नाही. आणि थोड्या वेळाने, काहीच झालं नव्हतं तेव्हा, ते एकदम थांबलं, मोकळ्या जागेकडे तोंड केलं आणि मान खाली घातली. त्याच्या कपाळावरचे केस जरासे एका बाजूला सरकले. वारा नव्हता.

"वा," कारभारी म्हणाला. "कसं थांबवलंस तेही कळलं नाही. भावापेक्षा हात बसलाय तुझा. पसंत आहे. खोगीर आणतो, चढवून दाखव. पुढचं शिंगरूही तुझ्याकडेच देतो."

जे ऐकायला जन्म घालवला होता ते ऐकू आलं आणि ते त्याचं नव्हतं. धाकट्याने पाय सरळ टाकून बघितला. पाय उचलला गेला नाही. पुढचं शिंगरू, मग त्याच्या पुढचं, आणि तो असाच या कोटात, दुसऱ्याचा खोकला खोकत, दुसऱ्याच्या पायाने चालत, एके दिवशी त्याच मागच्या दारातून बाहेर. नुसतं गप्प राहिलं की झालं होतं. फाटकाशी वहिनी स्टुलावर बसली होती आणि मोकळ्या जागेकडे बघून हसत होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी. कुंपणाशी आईने डोळे मिटले होते.

धाकट्याने कोट काढला आणि वाळूवर ठेवला.

"अरे," आई म्हणाली.

"दादा गेला," तो शिंगराला म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा होता, जरा किनराच. "ऐकतोयस ना? तो मेला. आम्ही त्याला मागच्या दाराने नेलं आणि तुला सांगितलं नाही. मी तो नव्हे. इतके दिवस मीच येत होतो."

"भाऊजी, नका हो," वहिनी म्हणाली.

"कुणाशी बोलतोय हा?" कारभारी खोगीर घेऊन परतला होता.

शिंगराने मान वर केली. आधी धाकट्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या कोटाकडे, मग मोकळ्या जागेकडे. दोन्ही कान तिथे रोखले. ते बराच वेळ तसंच उभं राहिलं, तिकडून काही सांगितलं जात असल्यासारखं. आणि मग त्याची मान वळू लागली. सावकाश, थांबत थांबत, लंगडं माणूस जेवढ्या वेगाने चालेल तेवढ्याच वेगाने. मध्यापासून फाटकाकडे. वहिनी उठली. तिने स्टूल बाजूला ओढलं, शाल आवरून घेतली आणि जाणाऱ्याला वाट देतात तशी मागे सरली. कारभारीही मागे सरला. का ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शिंगराची मान फाटकावरून रस्त्याकडे वळली, नजर रस्त्याने लांबवर गेली, उरलेल्या धुक्यापर्यंत. तिथे ती थांबली.

मग ते ओरडलं. घोड्याचं खिंकाळणं सगळ्यांनी ऐकलं होतं, हे तसलं नव्हतं. त्याने कुंपणावर धडक मारली, मागे फिरलं, पुन्हा मारली. दोर पायांत आला तेव्हा दोर म्हणजे काय हेच ठाऊक नसल्यासारखं उधळलं. मोरकीचा पट्टा तुटला. छाती सोलवटली. कारभारी टकटक करून बघत होता, हाका मारत होता, पण शिकलेलं एक अक्षर त्याच्या अंगात उरलं नव्हतं. फाटकाशी वहिनी खाली बसली आणि रडू लागली. इतक्या दिवसांचं रडणं होतं, ते लवकर थांबणारं नव्हतं. आई जाऊन तिच्यामागे उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कारभाऱ्याने खोगीर गाडीत परत ठेवलं. "हे रानटी आहे," तो म्हणाला. तोंड उतरलं होतं, आणि नजर रस्त्याकडे जाणार नाही याची तो काळजी घेत होता. "मालकांना मी काय सांगू? महिनाअखेरीला दुसरा माणूस येईल. खोल्या रिकाम्या लागतील."

"लागतीलच," आई म्हणाली. वाद घातला नाही. वहिनीला उठवून ती आत घेऊन गेली, भांडी काढायला.

धाकटा रिंगणातच राहिला. शिंगरू पलीकडच्या कुंपणाला लागून थरथरत होतं, घामाने काळं झालेलं. त्याला असं ठेवून जाता येत नव्हतं. अंग पुसायला हवं होतं, जखम धुवायला हवी होती, आणि खोल्या कुणाच्याही झाल्या तरी संध्याकाळचं गवत घालायला हवंच होतं. तो जवळ गेला नाही. हात रिकामे ठेवून वाळूत बसला. अंगात नुसता सदरा होता, थंडी वाजत होती. ऊन कुंपणाच्या या बाजूला आलं आणि त्या बाजूला गेलं. केव्हातरी मागे वाळू दबल्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. त्याच्या मानेवर गरम श्वास आला. शिंगराने त्याचे केस हुंगले, कान हुंगला, खांदा हुंगला, आणि फुरफुरून एक पाऊल मागे घेतलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखं.

धाकटा वळला नाही. "मी धाकटा," तो म्हणाला.